स्वस्त आणि चांगले आयशॅडो पॅलेट कोल्हापुरात कसे निवडावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंगळवार पेठेतील माझ्या छोट्याशा पार्लरमध्ये गेली १४ वर्षे साखरपुडा, लग्न, डोहाळजेवण आणि महाविद्यालयांची स्नेहसंमेलने यांच्या निमित्ताने मुली व महिला येतात, आणि काम झाल्यावर आरशात पाहताना बहुतेक जणी एकच विचारतात : ‘ताई, डोळ्यांवरचा हा रंग आम्हाला घरी लावायला स्वस्तात कुठे मिळेल?’ जाता जाता दिलेले उत्तर नेहमी अपुरे राहते, म्हणून ही प्रश्नोत्तरे सविस्तर लिहिली आहेत. साधारण ५०० रुपयांच्या आत उत्तम पॅलेट, म्हणजे पापण्यांवर लावायच्या रंगीत पुडींची (आयशॅडोची) डबी, मिळते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र त्यासाठी डबीच्या झाकणावरील चित्र पाहण्याऐवजी आतली पूड बोटाने आणि मागचे लेबल डोळ्यांनी तपासावे लागते.

‘ड्रगस्टोअर’ पॅलेट म्हणजे काय? ते आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळते का?

अमेरिकेत औषधांच्या मोठ्या दुकानांमध्येच साबण, खाऊ, वह्या आणि सौंदर्यप्रसाधनेही विकली जातात. त्यामुळे तिथे रोजच्या वापरातील स्वस्त प्रसाधनांना ‘ड्रगस्टोअर मेकअप’ असे नाव पडले आणि व्हिडिओंमधून तो शब्द आपल्या मुलींच्या तोंडी आला. कोल्हापुरातील मेडिकलमध्ये काजळ, फेसवॉश आणि फार तर लिपस्टिक दिसते. आयशॅडो पॅलेट क्वचितच ठेवलेले असते. आपल्यासाठी या वर्गातील माल म्हणजे महाद्वार रोडवरील कॉस्मेटिकची दुकाने, राजारामपुरीतील मोठी दालने, सुपरमार्केटमधील प्रसाधनांचे कपाट आणि ऑनलाइन मागवलेला माल.

यांपैकी कुठून घेणे चांगले?

पहिले पॅलेट घेणाऱ्या मुलीने ते दुकानातूनच घ्यावे, असे माझे ठाम मत आहे, कारण मोबाइलच्या पडद्यावर पुडीचा कस कळत नाही. महाद्वार रोडवर संध्याकाळी अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या भाविकांची दाटी असते आणि दुकानदाराला एकेक डबी उघडून दाखवायला उसंत नसते. म्हणून सुट्टीचा दिवस टाळून सकाळी अकराच्या सुमारास जावे. राजारामपुरीतील दुकानांत टेस्टर, म्हणजे लावून पाहण्यासाठी उघडे ठेवलेले नमुने, मांडलेले असण्याची शक्यता अधिक. एकदा कंपनी आणि शेड पारखून झाली की पुढची खरेदी ऑनलाइन करायला हरकत नाही. फक्त विक्रेता म्हणून कंपनीचे किंवा त्या संकेतस्थळाचे स्वतःचे नाव आहे ना, हे पाहून घ्यावे.

किती रुपये खर्च करावेत, आणि किती रंगांचे पॅलेट घ्यावे?

हे दोन प्रश्न मला नेहमी वेगवेगळे विचारले जातात, परंतु त्यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो. समजा, ४० रंगांचे एक पॅलेट ३६० रुपयांना मिळते आणि त्यातील प्रत्येक खणात ०.६ ग्रॅम पूड आहे. एकूण २४ ग्रॅम झाले, म्हणजे ग्रॅममागे १५ रुपये. हा आकडा ऐकून कोणीही खूश होईल. पण त्या ४० रंगांमध्ये पोपटी, निळा, पिवळाजर्द आणि चकाकणाऱ्या गुलाबीचे सहा प्रकार असतात आणि घरी प्रत्यक्ष वापरले जातात ते पाच रंग. पाच खणांची पूड ३ ग्रॅम भरते, म्हणून वापरलेल्या ग्रॅमची खरी किंमत १२० रुपये पडते. याउलट चार रंगांचे, प्रत्येकी १.२ ग्रॅमचे, २८८ रुपयांचे पॅलेट चारही रंगांसह वापरले गेले तर ग्रॅममागे ६० रुपयेच लागतात. आकडे उदाहरणापुरते घेतले असले तरी दुकानात उभे राहून मोबाइलवर हाच हिशेब करता येतो, कारण निव्वळ वजन वेष्टनावर छापलेले असते.

माझ्या अनुभवात नव्याने सुरुवात करणारीला चार ते नऊ रंग पुरेसे होतात. त्यात निदान तीन मॅट, म्हणजे चमक नसलेले, असावेत : एक त्वचेच्या रंगाच्या जवळचा, एक मध्यम आणि एक गडद. चौथा चमकदार असला की लग्नाचेही काम भागते. एखाद्या खणाच्या तळाचा पत्रा दिसू लागला की ते पॅलेट पैसे फिटलेले समजावे. पार्लरमध्ये येणाऱ्या मुली जी मोठमोठी पॅलेट घेऊन येतात, त्यांतील तीन-चार खण खोल गेलेले आणि बाकीचे सारे कोरे असतात, हे मी कित्येकदा पाहिले आहे.

स्वस्त आणि महाग पॅलेटमध्ये नेमका फरक कशाचा असतो?

हे समजून घेण्यासाठी पुडीत काय असते ते आधी पाहावे लागेल, आणि त्यातील बरेच जिन्नस आपल्या ओळखीचेच आहेत. बहुतेक आयशॅडोंचा पाया शंखजिरे म्हणजे टाल्क, आणि अभ्रक यांचा असतो. तपकिरी, विटकरी, पिवळसर आणि काळे रंग लोहाच्या ऑक्साइडपासून येतात. तुळशीवृंदावनाला आणि रांगोळीच्या चौकटीला आपण जो गेरू लावतो, त्याचा तांबडेपणाही लोहाच्या ऑक्साइडचाच असतो, फक्त प्रसाधनातील रंगद्रव्य शुद्ध करून, तपासून वापरलेले असते. पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, निळ्यासाठी अल्ट्रामरीन, चमकेसाठी टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर दिलेले अभ्रक, आणि हे सारे एकत्र धरून ठेवण्यासाठी मॅग्नेशियम किंवा झिंक स्टिअरेट व सिलिकोनचे तेल, असा साधारण मेळ असतो.

यांतील कोणतीही वस्तू फार महाग नाही आणि त्यामुळेच स्वस्त पॅलेट चांगले असू शकते. फरक पडतो तो रंगद्रव्याच्या प्रमाणात, दळण किती बारीक आहे यात, आणि पूड किती जोराने दाबली आहे यात. रंगद्रव्य कमी करून शंखजिरे वाढवले की खणात रंग गडद दिसतो, पण पापणीवर खडूसारखा फिका उतरतो. बांधणारे द्रव्य कमी पडले की पूड गालावर गळते; जास्त झाले की ब्रशला रंगच लागत नाही. महाग पॅलेटमध्ये हे प्रमाण सर्व खणांत बहुधा सारखे जमलेले असते. स्वस्त पॅलेटमध्ये नऊपैकी पाच खण उत्तम आणि चार बेताचे निघतात. म्हणून संपूर्ण पॅलेट चांगले की वाईट, असा प्रश्न न विचारता आपल्याला लागणारे खण चांगले आहेत का, एवढेच पाहावे.

किमतीचा मोठा भाग आरसा, चुंबकाचे झाकण, जाहिरात आणि नाव यांचा असतो, हेही लक्षात ठेवावे.

दुकानात पॅलेट कसे तपासावे?

गेल्या श्रावणात एका महाविद्यालयीन मुलीला घेऊन मी महाद्वार रोडवरील एका दुकानात गेले होते. दुकानदारांनी साधारण सारख्याच किमतीची दोन पॅलेट टेस्टर म्हणून पुढे ठेवली. पहिल्यातील गडद तपकिरी रंग खणात पाहताच आवडावा असा होता, पण बोट फिरवताच खणाच्या कडेला भुरभुर पूड जमली, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला ओढलेला पट्टा मध्येच तुटला; हलकी फुंकर मारताच त्यातील अर्धा उडाला. दुसऱ्यातील विटकरी रंग खणात निस्तेज दिसत होता. बोटाला मात्र तो लोण्यासारखा मऊ लागला आणि एकाच ओढीत भिंतीवर गेरूचा हात फिरवावा तसा सलग पट्टा उमटला. मुलीने हात पुढे धरला आणि आम्ही दोघी दुकानाच्या पायरीवर उजेडात गेलो, तेव्हा आतल्या पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली तपकिरी वाटलेला पहिला रंग बाहेर सरळ राखाडी दिसला. तिने अर्थातच दुसरे घेतले.

या एका प्रसंगात तपासणीच्या जवळजवळ सर्व पायऱ्या आल्या : हलक्या बोटाने एकच फेर, मनगटावर एकच ओढ, मग फुंकर, मग कोरड्या बोटाने पट्ट्याची कड पुसटशी पसरवून पाहणे, आणि शेवटी दिवसाच्या उजेडात जाणे. कड पसरवताना रंग हळूहळू फिका होत गेला पाहिजे. एकदम नाहीसा झाला किंवा डाग राहिले, तर पापणीवरही तो तसाच वागेल. चमकदार शेड बोटाने नेहमीच छान उमटते, त्यामुळे तिच्यावरून पॅलेटचा अंदाज बांधू नये. परीक्षा घ्यावी ती मॅट रंगांची, आणि त्यातही सर्वांत गडद रंगाची.

टेस्टर डोळ्याला कधीही लावू नये. त्या खणात दिवसभरात कितीतरी जणींची बोटे पडलेली असतात.

वेष्टनावर काय काय वाचावे?

भारतात प्रसाधनांवर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू आहेत. त्यांनुसार उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादन परवान्याचा क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी वेष्टनावर असावी लागते. परदेशातून आलेल्या मालावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांकही पाहावा. त्याशिवाय सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि निव्वळ वजन छापलेले असले पाहिजे. यातील रंगद्रव्यांबाबतचा नियम तर थेट आपल्या डोळ्यांशी संबंधित आहे : प्रसाधनात वापरायच्या रंगद्रव्यात शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत २० भागांपेक्षा अधिक असता कामा नये. ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ताच नाही, तिच्यातील शिशाबद्दल जाब कोणाला विचारणार? म्हणून पत्ता आणि परवाना क्रमांक नसेल तर रंग कितीही मोहक असला तरी ती डबी परत ठेवावी.

घटकांच्या यादीत रंग ‘सीआय’ या दोन इंग्रजी अक्षरांपुढील पाच आकड्यांनी दाखवतात. ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ हे लोहाचे ऑक्साइड, ७७८९१ हे टायटॅनियम डायऑक्साइड आणि ७७००७ हे अल्ट्रामरीन. एवढे पाच क्रमांक ओळखीचे झाले की लेबलाची भीती वाटत नाही.

प्रसिद्ध परदेशी कंपनीचे पॅलेट ३०० रुपयांना मिळत असेल तर घ्यावे का?

घेऊ नये. जे पॅलेट अधिकृत विक्रेत्याकडे काही हजार रुपयांना मिळते, ते पथारीवर किंवा अनोळखी ऑनलाइन विक्रेत्याकडे ३०० रुपयांना मिळणे शक्य नसते. ती नक्कल असते. ही चूक मी स्वतः केलेली आहे. व्यवसायाच्या पहिल्या वर्षी एका पथारीवरून मी असेच एक नावाजलेले पॅलेट हौसेने घेतले आणि गिऱ्हाइकाला लावण्याआधी स्वतःवर लावून पाहिले. झाकण उघडताच रॉकेलसारखा वास आला होता, तो नवेपणाचा असेल अशी मी समजूत करून घेतली. रात्री पापण्या खाजू लागल्या, सकाळी उजवा डोळा सुजून जवळजवळ मिटला आणि नेत्ररोगतज्ज्ञांकडे जावे लागले. चार दिवस पार्लर बंद राहिले. डबी पुन्हा नीट पाहिली तेव्हा मागच्या बाजूला ना बॅच क्रमांक होता, ना आयातदाराचे नाव. तो वास आणि ते कोरे लेबल आधीच बोलत होते, मी ऐकले नाही याचे मला आजही वाईट वाटते.

भारतीय कंपनीचे, पूर्ण लेबल असलेले ३०० रुपयांचे पॅलेट हे नकली परदेशी पॅलेटपेक्षा प्रत्येक बाबतीत सरस असते. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि प्रसाधनांच्या दर्जाविषयीची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. त्यासाठी बिल जपून ठेवावे.

कोणत्या कंपन्यांची पॅलेट या किमतीत मिळतात?

स्विस ब्यूटी, मार्स, इनसाइट आणि ब्लू हेवन या नावांची पॅलेट आपल्या दुकानांत या वर्गात सहज दिसतात. यांतील स्विस ब्यूटी नावावरून परदेशी वाटली तरी भारतीय कंपनी आहे. थोडे वरच्या किमतीत लॅक्मे, मेबेलिन, शुगर आणि फेसेस कॅनडा येतात. लॅक्मे हे १९५२ साली टाटांनी सुरू केलेले नाव असून ते ‘लक्ष्मी’ या शब्दाचे फ्रेंच रूप आहे. महालक्ष्मीच्या गावात राहणाऱ्या आम्हा बायकांना ही गोष्ट सांगितली की हमखास आनंद होतो. एकाच कंपनीचे एक पॅलेट उत्तम आणि दुसरे सुमार असू शकते, म्हणून मी नावांची क्रमवारी देत नाही.

गव्हाळ आणि सावळ्या वर्णाला कोणत्या शेड खुलतात?

पॅलेटवरील इंग्रजी नावांनी गोंधळ होतो, म्हणून मी मुलींना साड्यांच्या रंगांत सांगते, आणि ते लगेच समजते. गव्हाळ वर्णाला विटकरी, आबोली, तांबूस तपकिरी आणि जुन्या सोन्यासारखा सोनेरी रंग सुरेख दिसतो. सावळ्या वर्णावर डाळिंबी, वांगी, तांब्यासारखा चमकदार आणि गडद मोरपंखी हे रंग जितके उठून दिसतात, तितके ते उजळ वर्णावर दिसत नाहीत. हे मी समजूत काढण्यासाठी लिहीत नाही, रोजच्या कामात पाहते म्हणून लिहिते. ‘सावळ्या मुलीने फिकेच लावावे’ असे घरातल्या ज्येष्ठ मंडळींकडून अजूनही ऐकू येते, आणि प्रत्यक्षात तोच सल्ला चेहरा निस्तेज करतो. कारण फिक्या गुलाबी, फिक्या तपकिरी रंगांत पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचे प्रमाण जास्त असते आणि सावळ्या त्वचेवर तो पांढरेपणा राखेसारखा वर येतो. स्वस्त पॅलेटमध्ये ही अडचण अधिक जाणवते, म्हणून सावळ्या वर्णाच्या मुलीने मध्यम आणि गडद रंग जास्त असलेलेच पॅलेट निवडावे आणि भुवईखाली लावायला पांढऱ्याऐवजी श्रीखंडी किंवा फिका सोनेरी रंग घ्यावा.

नवरात्रात नऊ दिवस नऊ रंगांच्या साड्या नेसताना प्रत्येक दिवसासाठी त्याच रंगाचा आयशॅडो हवा, असा आग्रह अनेक जणी धरतात. हिरव्या साडीवर हिरवी पापणी करण्यापेक्षा विटकरी-सोनेरी डोळा ठेवून काजळाच्या जागी हिरव्या पेन्सिलीची एक रेघ ओढली, तर तेच एक छोटे पॅलेट नऊ दिवस पुरते.

चकाकणारे ग्लिटर पॅलेट सुरक्षित असते का?

डोळ्यांसाठी म्हणून विकले जाणारे आणि तसे लेबल असलेले बारीक ग्लिटर काळजीपूर्वक वापरता येते, पण हस्तकलेच्या सामानातले ग्लिटर डोळ्याजवळ अजिबात नेऊ नये. त्याचे कण मोठे व धारदार कडांचे असतात आणि डोळ्यात गेल्यास बुबुळावर ओरखडा उठू शकतो. स्नेहसंमेलनाच्या नृत्यासाठी घाईघाईत स्टेशनरीच्या दुकानातून ग्लिटर आणलेल्या मुलींना मी अक्षरशः हात धरून थांबवलेले आहे.

आणखी एक बारकावा भडक गुलाबी, नारिंगी आणि जांभळ्या रंगांबाबत आहे. अमेरिकेत यांतील काही रंगद्रव्यांना ओठांसाठी किंवा त्वचेसाठी मान्यता आहे, पण डोळ्यांच्या परिसरासाठी नाही. म्हणून अशा पॅलेटवर ‘दाबलेले रंगद्रव्य’ असे लिहून, डोळ्यांभोवती वापरू नये, अशी बारीक अक्षरांतील सूचना दिलेली असते. ती सूचना दिसली तर ते खण डोळ्यांसाठी वापरू नयेत.

पॅलेट पूर्ण शाकाहारी आहे हे कसे ओळखावे?

कोल्हापूर परिसरात जैन कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो आणि तो रास्त आहे. लाल, गुलाबी आणि जांभळ्या छटांमध्ये कारमाइन नावाचा रंग वापरला जातो आणि तो कोचिनिअल नावाच्या किड्यांपासून काढतात. यादीत त्याचा क्रमांक ७५४७० असा असतो. स्टिअरेट हे वनस्पतीच्या तेलापासून किंवा प्राण्यांच्या चरबीपासून, दोन्हींपासून बनू शकते आणि यादीवरून ते कळत नाही. अनेक वेष्टनांवर हिरवा किंवा तांबडा-तपकिरी ठिपका असतो. तो पाहावा, आणि ‘व्हीगन’ (प्राणिजन्य घटक नसलेले) असे स्पष्ट लिहिलेले पॅलेट असल्यास ते घ्यावे. प्राण्यांवर चाचणी केलेली नाही, असे लिहिलेले असणे ही वेगळी बाब आहे. त्यावरून घटक शाकाहारी असल्याचे सिद्ध होत नाही.

स्वस्त आयशॅडो दोन तासांत पुसट होतो. उपाय काय?

बहुतेक वेळा दोष पुडीपेक्षा पापणीवरील तेलाचा असतो. पापणी स्वच्छ धुऊन कोरडी करावी, तांदळाच्या दाण्याएवढे कन्सीलर (डाग झाकणारे क्रीम) किंवा प्राइमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) बोटाने अगदी पातळ पसरावे, त्यावर त्वचेच्या रंगाची मॅट पूड हलकेच दाबावी आणि मगच रंग चढवावेत. कन्सीलर जाड झाले की पापणीच्या घडीत रेघ पडते, आणि पावसाळ्यातील दमट हवेत ही रेघ तासाभरातच दिसू लागते. जून ते सप्टेंबर या काळात क्रीमचा आयशॅडो टाळून पूडच वापरावी, असा माझा सल्ला असतो. चमकदार शेड किंचित ओलसर ब्रशने लावली तर तिचा रंग जवळजवळ दुप्पट उठतो; मात्र ब्रश खणात बुडवण्याआधी ओला करू नये, आधी पूड घ्यावी आणि मग ब्रशवर पाण्याचा हलका फवारा मारावा, नाहीतर खणावर कडक थर धरतो.

तसा थर आधीच धरला असेल तर चिकटपट्टी त्यावर हलकेच दाबून उचलावी. वरचा तेलकट पापुद्रा निघून येतो आणि खालची पूड पूर्वीसारखी मऊ लागते.

पॅलेटसोबत येणारा छोटा ब्रश पुरेसा आहे का?

स्पंजचे टोक असलेली काडी चमकदार रंग दाबून लावायला उपयोगी पडते, रंग मिसळायला पडत नाही. बजेट ५०० रुपयांचे असेल तर ३०० चे पॅलेट आणि २०० चे दोन ब्रश घ्यावेत : एक चपटा आणि एक गोलसर, मोकळ्या केसांचा. साधे पॅलेट चांगल्या ब्रशने सुरेख लागते, परंतु वाईट ब्रशने उत्तम पॅलेटसुद्धा डागाळलेले दिसते. ब्रश आठवड्यातून एकदा लहान मुलांच्या शाम्पूने धुऊन आडवा वाळवावा.

डोळे नाजूक आहेत किंवा लेन्स वापरते, तर काय काळजी घ्यावी?

नवीन पॅलेटमधील रंग कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. खाज किंवा लाली आली नाही तरच तो डोळ्यांवर घ्यावा. लेन्स रंगभूषेच्या आधी घालाव्यात आणि रंग पुसण्याच्या आधी काढाव्यात. डोळे आलेले असताना किंवा रांजणवाडी झालेली असताना कोणताही आयशॅडो लावू नये, आणि त्या दिवसांत वापरलेला ब्रश बरे झाल्यावर धुतल्याशिवाय पुन्हा हातात घेऊ नये. आपले पॅलेट बहिणीला, मैत्रिणीला देऊ नये, हे सांगताना मला नेहमी संकोच वाटतो, कारण आपल्याकडे वस्तू वाटून वापरण्यात प्रेम असते; तरीही डोळ्यांचा संसर्ग असाच पसरतो.

उघडलेले पॅलेट किती दिवस वापरता येते?

अनेक वेष्टनांवर उघड्या डबीचे चिन्ह आणि त्यात १२ किंवा २४ असा आकडा असतो. उघडल्यापासून तितके महिने ते वापरावे. मुदतीच्या आतही वास बदलला, खणावर बुरशीसारखे ठिपके दिसले किंवा लावल्यावर चुरचुरू लागले तर टाकून द्यावे. पावसाळ्यात पॅलेट न्हाणीघरातील फळीवर न ठेवता कपाटात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे.

पॅलेट पडून एखादा खण फुटला तर फेकून द्यावे का?

मुळीच नाही. मेडिकलमध्ये पॅलेट मिळत नसले, तरी त्याच्या दुरुस्तीचे सामान तिथेच मिळते : आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली. फुटलेली पूड चमच्याच्या मागच्या बाजूने पूर्ण बारीक करावी, तिच्यावर थेंब थेंब अल्कोहोल टाकून इडलीच्या पिठासारखी दाट पेस्ट करावी, ती खणात सारखी पसरावी आणि वर स्वच्छ सुती कापड ठेवून नाण्याने दाबावे. कापडावर ओल उतरली की कापडाची दुसरी घडी घेऊन पुन्हा दाबावे, आणि मग डबी उघडीच ठेवून रात्रभर वाळू द्यावी. हे काम खिडकी उघडी ठेवून आणि गॅसच्या शेगडीपासून दूर करावे, कारण अल्कोहोल पेट घेते. चमकदार शेडची चमक यात थोडी कमी होते. मॅट रंग मात्र जवळजवळ पूर्वीसारखा होतो.

महाद्वार रोडवरून विटकरी रंगाचे पॅलेट घेतलेली ती मुलगी दिवाळीनंतर गारगोटीच्या एसटीत पिशवी पडल्यामुळे नेमका तोच खण फोडून माझ्याकडे आली होती. आम्ही दोघींनी पार्लरच्या खिडकीशी बसून तो एक रुपयाच्या नाण्याने दाबला. नाण्याची गोल खूण त्यावर अजून पुसटशी दिसते, आणि मध्यभागी आता तळाचा पत्रा डोकावू लागला आहे.